प्राचार्यांच्या संकल्पनेतला पॉवर सप्लाय

वाघोलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तपासणी समिती येणार असं ठरलं, की आधी रंगारी येतात. भिंती होतात, मग कुंड्या, मग पायऱ्यांच्या कडा. त्या वर्षी रंगकाम उरकल्यावर प्राचार्यांनी आम्हा प्राध्यापकांना हॉलमध्ये बोलावलं आणि जाहीर केलं, की समितीला यंदा प्रत्येक विभागाने स्वतः बनवलेलं एखादं उपकरण बघायचं आहे.

आमच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात आजवर स्वतः बनवलेली गोष्ट म्हणजे चहा, आणि तोही शिपाई बनवायचा.

"मॅडम, तुम्ही काहीतरी करा," प्राचार्य माझ्याकडे बघून म्हणाले. मी पहिल्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेत बसायचं नसतं, हे मला शिकत असतानाच कळायला हवं होतं.

"पॉवर सप्लाय करता येईल, सर," मी म्हणाले. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतल्या प्लगची वीज उतरवून, सरळ करून, हवे तेवढे व्होल्ट देणारा डबा. लॅबमधल्या डब्यांची बटणं मुलांच्या कैक पिढ्यांनी फिरवून इतकी सैल झाली होती, की बारावर काटा ठेवला तरी बाहेर चौदा यायचे. "डिजिटल करू. आकडा आपण लावायचा, बाकीचं आतला मायक्रोकंट्रोलर बघेल, म्हणजे चिमुकला कॉम्प्युटरच."

डिजिटल म्हटल्यावर प्राचार्यांचा चेहरा खुलला. "त्याला डिस्प्ले असेल ना?"

"असेल."

"निळा?"

"निळाही मिळतो."

"मग करा."

एवढ्यावर तांत्रिक चर्चा संपली.

आम्ही कसब्यात राहतो. शनिवारी सकाळी चालत बुधवारातल्या तपकीर गल्लीत गेले आणि ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर, निळा डिस्प्ले असं सगळं पिशवीत भरून आणलं. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून सोल्डरिंग सुरू केलं. अब्बा पोस्टातून निवृत्त झालेत. दुसऱ्याच्या कामाकडे बघत बसण्याची त्यांची सवय मात्र निवृत्त झालेली नाही.

"हा डबा बाजारात मिळत नाही का?" त्यांनी विचारलं.

"मिळतो, अब्बा."

"चांगला?"

"चांगला."

"मग समितीलाच बाजारात घेऊन जा."

मी सोल्डरिंग चालूच ठेवलं. खरं म्हणजे मला मजा यायला लागली होती. हे सर्किट मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते, पण फळ्यावरचा ट्रान्झिस्टर तापत नाही. हा तापला, आणि असा तापला, की त्याच्यामागे ॲल्युमिनियमचा जाड पत्रा लावावा लागला आणि माझ्या बोटाला बर्फ.

शेवटी डिस्प्लेवर पाच लावले आणि मीटरवर बरोबर पाच आले, तेव्हा मी टेबलावर हात आपटला. अब्बांचा चहा सांडला. पण आनंद टिकला नाही. डबा बंद करून पुन्हा चालू केला, तर जोडलेला छोटा बल्ब एकदाच लख्ख पेटला आणि गेला. दुसरा लावला, तोही गेला. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं, की मायक्रोकंट्रोलरला जागं व्हायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्याच्या हाताखालचं सर्किट मोकाट सुटून असेल नसेल तेवढा व्होल्टेज बाहेर सोडतं. साहेब उठेपर्यंत खालच्यांनी वाटेल तो कारभार करायचा! मला विभागाची फार आठवण आली. विभागात यावर उपाय नाही, डब्यात होता. बाहेर जाणाऱ्या तारेवर एक रिले बसवला, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. मायक्रोकंट्रोलर नीट जागा झाला, की मगच तो तार जोडायचा.

डबा कॉलेजात नेल्यावर प्राचार्य बघायला आले. डबा चालू केला आणि लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "काहीच येत नाहीये?"

"दोन सेकंद थांबावं लागतं, सर."

"समिती थांबणार नाही. मॅडम, असं करा, तेवढ्यात निळ्या अक्षरांत आपल्या संस्थेचं नाव येऊ द्या."

तसं केलं. नाव झळकून जाईपर्यंत सर्किट सावरायचं. संस्थेच्या नावाचा याखेरीज कुठलाही तांत्रिक उपयोग मला आजवर सापडलेला नाही.

समितीच्या दिवशी डब्याला हार घातला होता आणि वर कागद चिकटवला होता : "कृपया हात लावू नये." तीन सदस्यांपैकी दोघांचं लक्ष जेवण कुठे आहे याकडे होतं. तिसरे नागपूरकडचे एक सडसडीत, वयस्क प्राध्यापक होते. प्राचार्यांनी बटण बारा व्होल्टवर आणून भाषण सुरू केलं. हे उपकरण आपल्याला कसं सुचलं इथपर्यंत ते पोचले असतील, तोच नागपूरकर पुढे झाले.

"पाहू द्या ना जरा, मॅडम," म्हणत त्यांनी हार बाजूला केला, डब्यातून आलेल्या दोन तारा उचलल्या आणि त्यांची उघडी टोकं सरळ एकमेकांना टेकवली.

"अहो, अहो!" प्राचार्य ओरडले आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले.

पण धूर नाही, आवाज नाही. व्होल्टचा आकडा जवळजवळ शून्यावर उतरला आणि करंटचा आकडा मी घातलेल्या मर्यादेवर, एक ॲम्पिअरवर, मुकाट उभा राहिला. त्यांनी तारा तशाच धरून ठेवल्या. मग सोडल्या. व्होल्टेज पुन्हा बारावर आला.

"करंट लिमिट बरोबर लावली तुम्ही," ते मला म्हणाले.

सत्कार, शाली, पुष्पगुच्छ या कॉलेजात रोज चालतात. पण माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं वाक्य मला तिथे कुणी ऐकवलं नव्हतं.

"पोरं वापरतात का हे?" त्यांनी विचारलं.

"रोज!" माझ्यामागून प्राचार्य म्हणाले.

स्वागतासाठी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी ब्लेझर घालून दाराशी उभी होती. नागपूरकरांनी तिला बोलावलं. "याचे नऊ व्होल्ट करून दाखव बरं."

तिने प्राचार्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कागदाकडे. "सर, आम्हाला हात लावायचा नाही असं सांगितलंय."

"सुरक्षिततेसाठी!" प्राचार्य घाईने म्हणाले.

"कोणाच्या?" नागपूरकरांनी विचारलं.

तेवढ्यात जेवणाचं बोलावणं आलं. आमच्या कॉलेजात श्रीखंड नेहमी वेळेवर येतं.

आम्हाला उत्तम श्रेणी मिळाली. डब्याची रवानगी प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या काचेच्या कपाटात झाली. शेजारी पितळी पाटी : 'संकल्पना : प्राचार्य; प्रेरणा : संस्थापक; सहकार्य : इलेक्ट्रॉनिक्स विभाग.' सहकार्याने तो कपाटापर्यंत उचलून नेला होता, हेही खरंच.

प्रॅक्टिकलसाठी मी तो मागायला गेले, तर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मुलं खराब करतील."

"त्यासाठीच तर हवाय, सर. खराब केल्याशिवाय शिकणार कशी?"

"तुम्ही पुणेकर ना, शब्दात पकडता," ते म्हणाले आणि फोन उचलला. फोन वाजलेला नव्हता.

मी लॅबमध्ये परत आले. मुलांना फळ्याकडे पाठ करून बसवलं आणि सगळी कहाणी सांगितली, गेलेल्या बल्बांसकट. ब्लेझरवाली मुलगी म्हणाली, "मॅम, मग आपणच एक बिल्ड करू ना."

ते पूर्ण सत्र त्यात गेलं. मुलांनी ट्रान्झिस्टर जाळले, दोष एकमेकांवर ढकलला, नवे आणले. डबा केलाच नाही. प्लायवूडच्या फळीवर सगळं उघडं ठोकलं, फक्त प्लगची वीज येते तो भाग प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. दोन तारा उलट लागल्यामुळे बटण उजवीकडे फिरवलं की व्होल्टेज उतरतो आणि डावीकडे फिरवलं की चढतो. अर्ध्या वर्गाला ते सरळ करायचंय. उरलेल्यांचं म्हणणं, सवय झालीय, हात लावू नका. रोज भांडतात. मी मध्ये पडत नाही. मला पेपर तपासायचे असतात.