दहाची मोळी

सुरतेत साड्यांच्या पेट्या भरताना मी आजही प्रत्येक पेटी तीनदा मोजते. चुकेल ही धास्ती काही जात नाही. पण मोजता येतं, पेटीवरची चिठ्ठी वाचता येते, हे पक्कं आहे. ते मला खर्ड्याकडच्या आमच्या गावातल्या मॅडमनी दिलं. आठवीनंतर माझी शाळा सुटली, तरी ते सुटलं नाही.

सहावीत होते तेव्हाची गोष्ट. दरवर्षी निम्मं वर्ष आईबापासंगं ऊसतोडीला, त्यामुळे सहावी नावालाच. मॅडमनी एकेकाला जवळ घेऊन वाचायला लावलं, गणित घातलं, आणि रोज तासभर इयत्ता मोडून तीन सतरंज्यांवर बसवायला सुरुवात केली. येणारे पहिलीवर. अडखळणारे दुसरीवर, त्यांना अर्धा तास जास्त. काहीच न येणारे तिसरीवर, मॅडमच्या मांडीला मांडी लावून. तिथं इयत्ता दुसरीतल्या तीन पोरी आणि मी. त्यातली एक दात पडलेली मला म्हणाली, "तायडे, तुजं लगीन बी हितंच लावायचं का?"

तोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी गावात शाळेचं हंगामी वसतिगृह होतं. मला तिथं ठेवा, असं मॅडम माझ्या वडलांना, आबांना, सांगून आल्या. आबांनी सांगितलं, निघायच्या आधी येऊन बघतो. पोर शिकत असली तर राहील, नाहीतर उसाच्या फडात.

वाचन लवकर जमलं. अडलं की मॅडम पुढं सरकायच्याच नाहीत, त्याच ओळीवर बोट. पोळ्यापर्यंत वाचनाला मी दुसऱ्या सतरंजीवर गेले. गणित मात्र हलेना. मॅडमनी तुरीच्या काड्या पुढ्यात टाकल्या, म्हणाल्या, दहादहाच्या मोळ्या बांध. मोळी म्हटल्यावर माझा हात आपोआप चालला. फडात बांधतात तशाच बांधल्या, सगळ्या एका जाडीच्या. मॅडमनी सोडून मोजल्या. एकीत आठ, एकीत तेरा.

मी म्हटलं, "वजनाला सारख्याच हायेत की."

मॅडमनी दोन मोळ्या दोन हातांत तोलल्या. खरंच सारख्या होत्या. त्या म्हणाल्या, "फडात तुझंच बरोबर. इथं मात्र काडी जाड असो की बारीक, तिला मत एकच."

मतदान आमच्याच शाळेत व्हायचं. सरपंचाला एक, आबांनाही एक. ते डोक्यात बसलं, आणि त्या दिवसापासून मी हाताचं ऐकणं सोडून मोजायला लागले.

दसऱ्यानंतर तोडीला न्यायला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. आबा शाळेच्या दारात उकिडवे बसले. मॅडमनी आधी धडा वाचून घेतला, मग बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितले. मी पाच मोळ्या आणि दोन काड्या मांडल्या. दोनातून सात जाईनात. मी एक मोळी सोडली.

आबांना राहवलं नाही. "बांधलेली मोळी का सोडली गं?"

"सोडल्याबिगर सात देता येत न्हाईत, आबा. आता बारा झाल्या."

पंचवीस उरल्या. आबांनी स्वतः बोटानं मोजल्या, दोनदा. उठून ट्रॅक्टरकडे गेले आणि आईला म्हणाले, "पोरीचं अंथरूण खाली घे."