सखारामभाऊंच्या कानातली शिट्टी

"मॅडम, आत्ताही चालू आहे," सखारामभाऊ म्हणाले.

ते आमच्या साउंडप्रूफ बूथमध्ये हेडफोन लावून बसले होते. दार लावलं की बाहेरच्या पर्वत पाटिया रस्त्यावरचे सगळे हॉर्न विरघळून जातात, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते मोजणारी. आणि त्या वेळी मी मशीनमधून काहीच सोडलं नव्हतं.

भाऊंनी नवागामला तीस वर्षं पॉवरलूम चालवला. काम सुटलं, कानातली शिट्टी सुटली नाही. त्यांच्या बायकोने, सुमनताईंनी, मला आधीच सांगितलं होतं, की त्यांनी स्वतः नवऱ्याच्या कानाला कान लावून पाहिलाय, काही वाजत नाही. हे जेवता जेवता उठून जातात, नातीशी बोलत नाहीत. मुलगा आता वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होता.

याला टिनिटस म्हणतात. सततच्या गोंगाटाने कानातल्या बारीक पेशी मरतात. मग तिकडून येईनासा झालेला आवाज मेंदू स्वतःच तयार करतो. तो मशीनवर दिसत नाही, पण जुळवता येतो. मी एकेक सूर सोडायचा, पेशंटने सांगायचं, कानातल्या आवाजापेक्षा जाड की बारीक.

भाऊंनी डोळे मिटले. काचेपलीकडे त्यांचा चेहरा झोपेत कुणाला तरी शोधत असल्यासारखा दिसत होता. मी सूर चढवत गेले. त्यात थोडी वाफेसारखी सरसर मिसळली. त्यांचा हात अलगद वर आला.

"हाच," ते म्हणाले.

मग मी पद्धतीत नसलेली गोष्ट केली. ताईंना बूथमध्ये बसवलं. तोच सूर, तीच पातळी. आधी त्या हसल्या. मग हसू ओसरलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी हेडफोन काढला.

"इतला आवाज येस तुमना कानमा?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "रोज?"

भाऊंनी मान हलवली. ताईंनी पदराने त्यांचा कान पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा.

शिट्टी गेली नाही, सहसा जात नाही. मंद आवाज करणारं एक छोटं यंत्र दिलं, त्याने ती थोडी मागे सरते. दोन महिन्यांनी दोघं आली. भाऊ पूर्ण जेवतात म्हणे. ताई ताट वाढताना विचारतात, आज किती आहे?

आता टिनिटसच्या पेशंटसोबत आलेल्या माणसालाही मी बूथमध्ये बसवते. दहा मिनिटं जास्त जातात. समजावण्याचा अर्धा तास वाचतो.