एनिडने करवत चालू केली

एनिड फॅरो कुणावर विश्वास ठेवेल तर शपथ. दुकानातून आणलेली साखरसुद्धा ही बया घरी पुन्हा तोलायची. कार्बन कंपनीचा माणूस आला, तर त्याला व्हरांड्यातच चहा दिला आणि कुत्रा त्याच्या गाडीपाशी नेऊन बांधला.

"झाडं नुसती उभी राहणार आणि पैसे मला?" ती म्हणाली. "मग तुझं पोट कशावर चालतं?"

झाडं हवेतला कार्बन शोषतात, त्याची क्रेडिटं कारखानेवाले विकत घेतात, असं तो सांगत बसला. अट एकच. चराऊ रानात मल्गाचं जंगल पुन्हा वाढू द्यायचं, एकही झाड पाडायचं नाही. नवरा गेल्यावर एकट्या पडलेल्या एनिडने खूप घोळ घालून शेवटी सही केली.

आमच्याकडे मल्गाची झाडं म्हणजे दुष्काळातला चारा. गवत संपलं की आम्ही झाडं पाडतो आणि गुरं पाला खातात. मशीनची करवत घरघरली की लांबलांबून पळत येतात, हाका मारायला लागत नाहीत.

पुढे पावसाने दडी मारली. शेजारच्या माझ्या रानात मी करवत चालू केली की एनिडच्या लाल गाई मधल्या कुंपणाशी येऊन हंबरायच्या. तिच्या रानात मल्गा गच्च होता, पण खालचा पाला ओरबाडून संपलेला आणि वर तोंड पोचत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून एकेक कालवड निवडून तिने हा कळप वाढवला होता. तिने तो विकणं शक्य नव्हतं.

"चोरून झाडं पाडणार ही," मी बायकोला म्हटलं. "जगाला चोर म्हणते, एक दिवस स्वतःच सापडेल."

एका सकाळी तिच्या रानातून करवतीचा आवाज आला. मी लगेच गाडी काढली.

एनिड रिकाम्या कोंडवाड्यात उभी होती. हातात करवत चालू, पण आसपास झाड नव्हतं. गाई धुरळा उडवत आल्या, एकमेकींना ढकलत आत शिरल्या. मागून, गुरं न्यायला आलेल्या ट्रकवाल्याने फाटक लावलं.

एनिडने करवत बंद केली. "घोड्यावर बसवत नाही आता, हाकणार कशी? तू कशाला आलास ते कळतंय मला, क्लेम. जा, झाडं तपासून ये."

"विकल्यास?"

"उपाशी मारू?"

एक म्हातारी गाय पुढे आली. तिने करवत हुंगली, मग एनिडचा रिकामा हात हुंगला, आणि पाल्याची वाट बघत तिथेच उभी राहिली.

"त्या कंपनीवाल्यावर मी एवढा संशय घेतला," एनिड म्हणाली. "ह्या गाईंनी माझ्यावर कधीच नाही घेतला रे."