लॉक सोड

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात भाकरी थापण्यापेक्षा गाड्यांचाच आवाज जास्त होता. हे पडवीतल्या कॉटवर उशीला टेकून बसायचे, मोबाईल पोटावर ठेवायचे आणि कुणीतरी टोपीवाला माणूस डोंगरात गाडी कशी चढवतो ते बघत राहायचे. हे म्हणजे माझे मिस्टर. त्यांचं नाव मी आयुष्यभर उखाण्यातच घेतलं, आता लिहितानाही ते हातून उतरत नाही.

त्यांना फोर बाय फोर गाडी घ्यायची होती. नुसती घ्यायची नव्हती, पारखून घ्यायची होती. एकाच गाडीचे तीन प्रकार होते. खालच्या मॉडेलमध्ये इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना, मधल्यात चारही चाकांना, आणि वरच्यात चारही चाकांना शिवाय मागच्या जोडीला लॉक. हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं की मी शाळेत शिकवायची तेव्हा पोरांना पाढेसुद्धा तेवढ्या वेळा म्हणायला लावले नसतील.

"मधल्यात बी लॉक हाय म्हणत्यात," हे सांगायचे, "पण त्ये ब्रेकचं. फुकट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतंय नुसतं. खरं लॉक न्हाय त्ये."

"कोऱ्हाळ्यातनं बारामतीला बाजाराला जायाला खरं लॉक लागतंय व्हय?" मी कणीक मळता मळता विचारायची.

"तुला न्हाय कळायचं."

न कळायला काय झालं? मला सगळं कळत होतं. टायर कंपनीचंच ठेवायचं की मोठं टाकायचं, यावर तर आमचा एक अख्खा आठवडा गेला. मोठं टायर म्हणजे गाडी उंच होणार, दगडाधोंड्यावरून सहज जाणार, पण स्टिअरिंगला जड होणार आणि डिझेल जास्त पिणार. शिवाय मीटर चुकणार. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटरला त्याचा पत्ताच नसतो. "म्हंजी गाडी पळती जास्त आन् मीटर दाखवतंय कमी," हे म्हणाले.

"मग माझ्यासारखंच की," मी म्हटलं. "या घरात मी पळते किती आन् दिसतंय किती."

हे हसले. हसताना त्यांचा हात नकळत पोटाच्या उजव्या बाजूला गेला आणि मी कणकेत पाणी जास्त घातलं.

कारण जे त्यांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. बारामतीच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, लिव्हरला गाठ आहे आणि ती आता पसरली आहे. पावसाळा निघेल, दिवाळीचं सांगता येत नाही. मी आत गेले आणि यांना म्हटलं, लिव्हरला सूज आहे, औषधानं उतरेल. ज्या माणसानं सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही त्याच्याबद्दल गावात लोक लिव्हर म्हटल्यावर बाटलीचं विचारायला लागले. मला त्या लोकांचा फार राग आला. अजूनही जात नाही.

गाडीचा नाद मात्र आजारातून आलेला नव्हता, तो जुना होता. आमची काळी रानं. उसाला पाणी झालं आणि वरून अवकाळी सर पडली की तोडणीच्या वेळी ट्रॉल्या हमखास फसतात. फसली की निरोप यांना. हे जेवत्या ताटावरून उठून ट्रॅक्टर काढायचे. जन्मभर या माणसानं दुसऱ्यांच्या ट्रॉल्या चिखलातून ओढल्या. एकदा ते म्हणाले होते, "एक तरी गाडी अशी पायजे, की फसली तर माझी मीच भायेर काढीन. आन् तुला घेऊन उजनी धरणाच्या कडंनं जाईन, जितं रस्ता संपतो तितनं म्होरं." तेव्हा लेकीचं शिक्षण चालू होतं. मग तिचं लग्न आलं. रस्ता संपतो तिथून पुढं जायचं राहून गेलं.

लॉकचंही त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. सासूबाई माहेरी गेल्या होत्या, म्हणून यांना जोर चढला आणि त्यांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं. पाणी दिलेल्या वाफ्याच्या कडेला मागचं एक चाक चिखलात गेलं आणि जागच्या जागी गरगरायला लागलं. दुसरं चाक कोरड्यावर होतं, पण ते ढिम्म हलेना. मला नवल वाटलं. कोरड्यावरच्या चाकानं ओढायला नको का?

"सगळा जोर फुकट फिरणाऱ्यालाच जातोय," बाजूला मडगार्डवर बसलेले हे म्हणाले. "उजव्या टाचंखाली पेडल हाय. दाब. त्ये लॉक. मग दोन्ही चाकं संगट फिरतील."

मी टाच दाबली. खाली कुठंतरी खट् झालं आणि ट्रॅक्टर चिखलातून उचलून काढल्यासारखा बाहेर आला. मला इतका आनंद झाला आणि त्याहून जास्त भीती वाटली, की टाच उचलायचं सुचेचना. मी बांधाशी वळायला स्टिअरिंग फिरवलं. स्टिअरिंग फिरलं, ट्रॅक्टर नाही. लॉक लावलेलं असलं की दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि ट्रॅक्टर वळायला तयार होत नाही, तो सरळच जातो. तो सरळ आमच्या उभ्या उसात गेला.

"लॉक सोड! अगं वळायच्या आदी लॉक सोड!" हे ओरडत होते.

ऊस आडवा झाला. सासूबाई परत आल्यावर रानडुकरं आली होती असं सांगितलं आणि त्यांनी ते मानलं, कसं ते देव जाणे. पण तेव्हापासून तो शब्द घरात राहिला तो राहिलाच. मी हट्टाला पेटले, दोन दिवस अबोला धरला, लेकीला पुण्याला शिकायला पाठवायचं नाही म्हणून अडून बसले, की हे एवढंच म्हणायचे, "लॉक सोड." मला हसू यायचं आणि भांडण तिथंच संपायचं. मी मात्र तो शब्द त्यांना कधी म्हटला नाही. म्हणायची वेळच आली नाही, कारण हे कशावर अडून बसलेच नाहीत.

उन्हाळा संपता संपता यांच्या एका मित्राचा फोन आला. भिगवणला त्यांचा मासळीचा धंदा. त्यांनी वरचं मॉडेल घेतलं होतं आणि वर मोठी टायरंही टाकली होती. "ये की एकदा, चालवून बग," ते म्हणाले. यांच्या अंगात त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. इस्त्रीचा शर्ट घातला. तो खांद्यावरून उतरत होता, मी पिन लावून दिली.

उजनीचं पाणी तेव्हा खूप मागं सरलेलं होतं. इंदापूरच्या बाजूला जिकडंतिकडं गाळाची जमीन उघडी पडली होती. कुणी त्यात काकड्या लावल्या होत्या, कुणाच्या मेंढ्या लांबवर चरत होत्या. वरून ती जमीन भेगाळलेली, वाळलेली दिसते, पण आत लोण्यासारखी मऊ असते. मित्रानं किल्ली यांच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसले. मी मागं. रस्ता संपला. हे थांबले नाहीत.

पाण्याच्या कडेला पोहोचता पोहोचता व्हायचं तेच झालं. मागचं एक चाक वरचा पापुद्रा फोडून आत गेलं आणि गाळ उडवत गरगरायला लागलं. मी खिडकीतून वाकून बघितलं, दुसरं तसंच उभं. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच.

"लॉक लाव," मित्र म्हणाले.

यांनी उजवी टाच दाबली. नुसत्या मॅटवर. तिथं काहीच नव्हतं. पुन्हा दाबली, अगदी जोर लावून, दात खाऊन.

मित्र मोठ्यांदा हसले. "आरं, ट्रॅक्टर न्हाय ह्यो! बटन हाय म्होरं, बटन दाब!"

हे पण हसले आणि बटण दाबलं. समोर एक छोटा दिवा लागला, खाली खट् झालं, आणि दोन्ही चाकांनी एकदम जमीन धरली. गाडी संथपणे वर आली. यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. लग्नात मी त्या चेहऱ्याकडं नीट बघितलंच नव्हतं, मान खाली होती. त्या दिवशी बघून घेतलं. परत वळायच्या आधी त्यांनी बटण बंद केलं आणि आरशातूनच म्हणाले, "बगितलंस? आदी सोडायचं, मग वळायचं."

परतीच्या वाटेवर मित्रानं गाडी घेतली आणि हे झोपून गेले. मी तोंडावर पदर धरून रडले. मित्राला ते दिसलं असणार, त्यांनी आरसा हळूच दुसरीकडं वळवला.

चार दिवसांनी यांनी शोरूमला फोन केला. स्पीकर चालू होता. खालचं मॉडेल तयार उभं होतं, पूजा घालून लगेच नेता आलं असतं. लॉकवाल्याला वेटिंग होतं. डिसेंबर तरी उजाडेल, पलीकडचा माणूस म्हणाला. यांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "तू सांग. कुठली घेऊ?"

आता बघा, मी कोण? फ्रीज घेताना दोन वर्षं थांबलेली बाई. साडीच्या दुकानातून काही न घेता तीनदा परत येणारी. कशाला घाई, थांबा की, हे माझं ठरलेलं वाक्य. आणि लॉकवाली सोडून दुसऱ्या गाडीचं नावही या घरात निघत नव्हतं, हे मला माहीत होतं. पण डिसेंबर ऐकलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "जी लगीच मिळतीया ती घ्या. कशाला थांबायचं?"

यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मी नजर पुन्हा कणकेच्या परातीत घातली, पण त्या दिवशी परातीत कणीक नव्हती, मी रिकामीच परात पुसत होते. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते मी इतके दिवस दातांखाली धरून ठेवलं होतं, आणि एका गाडीपायी ते बाहेर सांडलं.

"व्हय का," हे म्हणाले. मग कॉटवर सरकून बसले, उशी नीट केली. "न्हाय. लॉकवालीच बुक करू. थांबू की आपण. काय घाई हाय?"

माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं. त्यानंतर आम्ही दोघंही सगळं माहीत असून डिसेंबरबद्दल बोलत राहिलो. रंग कुठला घ्यायचा, मोरगावच्या गणपतीला पहिल्यांदा न्यायची की उजनीला, टायर आल्या आल्या बदलायचं की पुढं. हे मुद्दाम वाद उकरून काढायचे आणि मीही हटकून उलट बोलायची. डॉक्टरांचं नाव आम्ही घेतलं नाही. पावसाळ्यात त्यांना जिना चढवेना, मग कॉटवरून उठवेना. तरी शोरूमचा नंबर उशाशी असलेल्या मोबाईलवर सगळ्यात वर ठेवलेला होता. ते बुकिंग पुढं लेकीनं फोन करून रद्द केलं. मला ते जमलं नाही.

दिवाळीच्या अलीकडं त्यांना बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. शेवटच्या दिवशी दुपारी लेक खाली औषधं आणायला गेली होती. यांचे डोळे मिटलेले होते, श्वास लागलेला होता. बाकी सगळं अंग सैल पडलं होतं, पण उजवा पाय ताठ होता. टाच गादीत रुतवून ते दाबत होते. चादर गोळा होऊन खाली सरकली होती.

नर्सनं बघितलं. पाय हलवून पाहिला, म्हणाली, "काका, पाय सैल सोडा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "होतं असं कधी कधी, काकू. काही दुखत असेल."

ती गेली. मला ते दुखणं वाटत नव्हतं. मी ती टाच ओळखत होते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओळखत होते. माणूस गाळात होता आणि अजून जोर लावत होता, आणि मला वाटत होतं, लावा, अजून लावा, डिसेंबरपर्यंत लावा. कितीतरी वेळ मी तेच म्हणत बसले. मग त्यांच्या कपाळावरची शीर बघितली आणि मलाच ते बघवेना.

मी पायांशी जाऊन बसले. टाच दोन्ही हातात घेतली. ती गार होती.

"अवो," मी म्हटलं, "निघालं चाक. आलो आपण भायेर. आता वळायचंय. लॉक सोडा."

ऐकलं की नाही मला माहीत नाही. थोड्या वेळानं टाच माझ्या हातात जड झाली. लेक औषधं घेऊन वर आली तेव्हा मी तशीच बसले होते, पाय धरून.