तेल पाजल्याचा कागद

"पिशवी पालथी कर," मॅडम म्हणाल्या.

दवाखान्याच्या काउंटरवर मी पिशवी पालथी केली. डबा, रुमाल, मोबाईल, चिल्लर. आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक छोटी बाटली, आत खोबरेल तेल भरलेली. मॅडमनी ती दोन बोटांत उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. समोरच्या बाकांवर पेशंटचे नातेवाईक बसले होते. खालचा मेडिकलवाला दुकान सोडून मुद्दाम वर आला होता.

"हेच लावलंस ना पोरीला?"

"हो मॅडम. कपाळाला."

"देव बदलला तरी वाडीतल्या सवयी जात नाहीत तुमच्या. तांदळाच्या गोणीपायी बाटलेली माणसं."

मग बादली मागवली. फिनाईल माझ्याच हातानं ओतायला लावलं. पाणी नाही, नुसतं फिनाईल. "कोपरापर्यंत धू. सगळ्यांना दिसू दे." मी धुतले. बोटांना भेगा होत्या, आग आग झाली. बाकावरची माणसं बघत होती. मी सांगतील तसं धूत राहिले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

भिवंडीत धामणकर नाक्याजवळचा तो लहान मुलांचा दवाखाना. अकरा वर्षं मी तिथं आया होते. चादरी, लादी, उलट्या, शी-शू, सगळं मी. माझं माहेर अकलोलीजवळच्या एका वाडीचं. गरम पाण्याच्या कुंडावर लोक अंघोळीला यायचे, माझी आय तिथल्या पायऱ्या झाडायची. कुंडात उतरायची मात्र आम्हाला सोय नव्हती. मॅडम म्हणजे डॉक्टरांची बायको, दवाखान्याचा कारभार त्यांच्याच हातात; त्यांना हे ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा ग्लास वेगळा ठेवला, खिळ्याला अडकवून. मी अकरा वर्षं त्या खिळ्यावरून ग्लास काढत राहिले.

आणि तांदळाची गोणी. अहो, आमच्या पास्टरच्याच घरी महिनाअखेरीला तांदूळ नसायचा, तो मला काय देणार? माझं दुसरं बाळ पोटातच गेलं तेव्हा मी पंधरा दिवस आडवी होते. नवरा गोडाऊनवर वॉचमन, त्याला रजा नाही. शेजारची कुणी फिरकली नाही, विटाळ म्हणून. प्रार्थनेतल्या बाया आल्या. माझे कपडे धुतले, पाणी भरलं, माझ्या डोक्यावर हात ठेवून रडल्या. येशूचं नाव मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. गेले ते त्या हातांपायी.

आमची प्रार्थना एका गाळ्यात, माळ्यावर. खाली कापडाचे लूम, यंत्रमाग. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे आमचा रविवार सगळा खडखडाटात. गाणं ओरडूनच म्हणावं लागतं. तिथं एक रीत आहे. कुणीही उठतं आणि आठवड्यात प्रभूनं काय केलं ते साक्ष म्हणून सांगतं. ताप उतरला, पोरगा पास झाला, भाड्याची खोली मिळाली. सगळे आमेन म्हणतात. आणि खोबरेल तेलावर पास्टर प्रार्थना करतात, ते आम्ही बाटलीत भरून जवळ ठेवतो. कुणी आजारी असलं की कपाळाला बोट लावायचं आणि प्रार्थना करायची. मनाला आधार वाटतो, एवढंच. त्यानं औषधाचं काम होत नाही हे मलाही कळतं. दवाखान्यात अकरा वर्षं काढलीत मी.

झोया चार वर्षांची होती. बाप लूमवर, आई घरी दोरे कापायची. ताप, डेंग्यू. चार नंबरच्या बेडवर सलाईन लावलं होतं. त्या रविवारी सर, म्हणजे डॉक्टर, लोणावळ्याला, कुणाच्या तरी साखरपुड्याला. ड्युटीवर एक सिस्टर, नवीन, घाबरट, आणि मी.

दुपारी दीड वाजता पोरीचे हात गार लागायला लागले. सिस्टर म्हणाली, "ताई, तुम्हीच फोन लावा सरांना, माझ्यावर ओरडतात." मी माझ्या मोबाईलवरून लावला. सर म्हणाले, सलाईन चालू ठेवा. सव्वादोनला परत लावला. म्हणाले, निघतोच आहे. मागे बँड वाजत होता. तीन वाजता लावला. "सर, दुसरीकडं पाठवू का हिला?" तर म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का? कुणाला हलवायचं नाही."

झोया मला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. माझ्याकडं बघून म्हणत होती, "खाला, पानी." सिस्टर म्हणाली देऊ नका, उलटी होईल. मी दिलं नाही. तिची अम्मी खाली इंजेक्शन आणायला गेली होती, दहा मिनिटं. ती आली आणि माझा हात धरून म्हणाली, "कुछ करो ना." माझ्याकडं करण्यासारखं काय होतं? मी बाटली काढली. विचारलं, "दुआ का तेल है. लगाऊँ?" ती म्हणाली, "लगाओ, कुछ भी लगाओ." मी पोरीच्या कपाळाला बोट लावलं. सर पाच वाजता आले. झोया साडेचारला गेली होती.

दुसऱ्या दिवशी फिनाईल. आणि फिनाईलनंतर कागद. मॅडमच्या केबिनमध्ये, दार लावून. कागद आधीच लिहून तयार होता. त्यावर होतं: आई औषध आणायला खाली गेली असताना मी सिस्टरला न सांगता मुलीला प्रार्थनेचं तेल पाजलं, त्यानंतर तिची तब्येत बिघडली.

"पाजलं न्हाय मॅडम," मी म्हणाले. घाबरले की माझ्या तोंडात वाडीची बोली येते.

"सही कर. नोकरी राहील तुझी. नाहीतर मी नुसतं बाहेर सांगितलं ना, आया पोरं बाटवते म्हणून, तर त्या तुमच्या गाळ्यावर कोण कोण येईल याची मी जबाबदारी घेणार नाही."

माझ्या डोळ्यांसमोर गाळा आला. म्हाताऱ्या बाया आल्या, पास्टरच्या लहान मुली आल्या. मी सही केली. मनात म्हटलं, सगळ्यांना वाचवलं. खोटं. मी माझी नोकरी वाचवली.

त्यानंतरचे दिवस सांगते. मी कामावर जात होते. चार नंबरचा बेड रिकामा असला तरी मी त्याला पाठ करून लादी पुसायची नाही. पाठ केली की मागून आवाज यायचा, खाला, पानी. नळ सोडला की यायचा. घरी नवऱ्याला तांब्या भरून देताना यायचा. जेवताना वरून पाणी प्यायची मला चोरी. नवरा म्हणाला, झपाटलंय तुला, बाहेरचं बघू का कुणाकडं? मी म्हटलं, बाहेरचं काही नाही, माझंच आहे.

मग एक दिवस झोयाची अम्मी दवाखान्याच्या गेटशी आली. पोरीचे कागद न्यायला. ते कागद काही दिले नाहीत, माझा कागद मात्र मॅडमनी तिच्या नवऱ्याला कधीच दाखवला होता. मी पायऱ्या पुसत होते. ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मैं नीचे क्यों गयी? दस मिनट के लिए क्यों गयी?" म्हणाली, नवरा बोलत नाही, सासू म्हणते तूच पोर परक्या बाईच्या हातात सोडलीस. मी पोछा पिळत राहिले. माझ्या एका सहीनं मी तिला तिच्याच पोरीची मारेकरी करून टाकलं होतं. 

त्या रविवारी प्रार्थनेत साक्षीची वेळ आली. दोन रविवार मी गप्प बसले होते. त्या दिवशी का उठले, ते सांगता येणार नाही. गाणं चालू होतं, येशूला खोट्या साक्षीवर धरून नेलं त्याचं. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी रडत होते ते त्या मारलेल्या माणसासाठी. आणि आता मी उभी होते ती खोटं सांगणाऱ्यांच्या रांगेत. देवाची मला कधी भीती वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. आणि ती भीती इतकी मोठी होती की मॅडमची भीती तिच्यापुढं बारकी झाली.

मी उठले आणि सगळं सांगितलं. फोन, पाणी, तेल, सही. लूमच्या आवाजात ओरडून सांगितलं. कुणी आमेन म्हटलं नाही.

पास्टर पुढं आले, हात जोडून. वाईट माणूस नाही तो. "ताई, हे इथं नको. बाहेरही नको. आपल्यावर आधीच लोकांचा डोळा आहे. आपण प्रभूवर सोडू."

"प्रभूनं सही न्हाय केली पास्टर, मी केली," मी म्हणाले.

मागून सगुणाआजी बोलली. पंधरा दिवस माझे कपडे धुणाऱ्यांतली ती. "बोलू दे तिला. देवाच्या घरात गोड तेवढंच सांगायचं, असं कुठं लिवलंय? जा पोरी. त्या बाईकडं जा आधी, मग आमच्याकडं ये."

मी तशीच निघाले. झोयाच्या चाळीत गेले. अम्मी दारात दोरे कापत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मैंने कुछ नहीं पिलाया. कपाल पे लगाया, तुम्हारे सामने. वो कागज झूठा है. तीन बार फोन किया, डॉक्टर नहीं आया. तुम्हारे नीचे जाने से कुछ नहीं हुआ." मोबाईल काढून ते तीन फोन दाखवले. वेळ दिसत होती.

तिनं मोबाईल हातात घेऊन तिन्ही वेळा एकेक करून बघितल्या. मग म्हणाली, "इतने दिन कहाँ थी तू?"

  तिनं मला माफ केलं नाही, आणि का करावं? फक्त ओढणी घेतली आणि उठली. "थाने चलेगी?"

"चलूँगी."

पोलीस स्टेशनात हवालदारानं सगळं ऐकलं. आधी विचारलं, कुणी पाठवलं? मिशनवाल्यांनी? मी म्हटलं, कुणी नाही. मग त्यानं पेन खाली ठेवलं आणि समजुतीनं बोलायला लागला.

"बाई, त्या कागदावर सही तुझी. आता म्हणतेस खोटी होती. म्हणजे खोटं लिहून दिलं म्हणून पहिली अडकणार तू. डॉक्टर मोठा माणूस, तो वकील लावेल. तुझ्याकडं कोण आहे? घरी जा, विचार कर."

अम्मी माझ्याकडं बघत होती. मी आता उठून जाईन असं तिला वाटलं असावं. मी खुर्ची पुढं ओढली. कुणी बस म्हटलं नव्हतं, तरी बसले.

"पहिलं माझंच नाव लिहा," मी म्हणाले. "त्याच्या खाली डॉक्टरचं. दोन्ही लिहून होईपर्यंत मी हलणार न्हाय."