आधी तलाव, मग नवरा

माझं लग्न जमलं त्या वर्षी आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. गावात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. गोंड राजे, मराठे, इंग्रज सगळे येऊन गेले, पण तलाव जागचा हलला नाही, असं बाबा म्हणत. आम्ही कोहळी. जंगलात पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवावं म्हणून गोंड राजांनी आमच्या पूर्वजांना जमिनी दिल्या, असं आमच्यात घरोघरी सांगतात. शेजारी गोंड आहेत, पोवार आहेत, हाटाच्या दिवशी छत्तीसगडीही कानावर पडते. पण उतार बघून पाणी कुठं अडवायचं ते आम्हीच जाणतो, हा आमचा तोरा. तो मलाही आहे आणि मी तो लपवत नाही.

म्हणून सोयरीक करताना आमच्याकडे आधी मुलाच्या गावचा तलाव पाहायचे. तलाव भरला तर धान पिकतं आणि लेक उपाशी राहत नाही. बाबा बैलगाडी जुंपून नवेगावच्या पलीकडे गेले आणि माझं लग्न पक्कं करूनच परतले.

"पोट्टा कसा आहे?" मायनं विचारलं.

बाबा खुशीत होते. "पाळ अशी रुंद, का दोन गाड्या बाजूबाजूनं जातीन."

"मी पोट्ट्याचं इचारून राहिली."

बाबा बैल सोडायला वळले. पाळीवर फिरता फिरता दिवस मावळला होता आणि नवरा मुलगा पाहायचा राहूनच गेला होता. मला रडू कोसळलं. "तलावासंगं नांदू का मी?" असं मी त्यांना तोंडावर विचारलं. पण शब्द दिला होता, तो मोडला तर दोन्ही गावांत नाचक्की होती.

शेवटी माय स्वतः गेली. बाईनं मुलगा पाहायला जायची रीत नव्हती, तरी तिनं कुणाला विचारलं नाही. परत आली ती सरळ माझ्यापाशी चुलीजवळ येऊन बसली.

"तुह्या बाबाची ती रुंद पाळ खेकड्यायनं पोखरली होती," ती म्हणाली. "भगदाड पडलं. सारं गाव माती टाकून राहिलं होतं. तो पोट्टा गळ्याइतक्या पाण्यात, भगदाडाच्या तोंडाशी उभा. त्याचं तोंड चिखलानं माखलं होतं, ते काही दिसलं नाही."

"मग कायले गेली होतीस?"

"बाकीचे आळीपाळीनं वर आले, जेवले, पुन्हा उतरले. भगदाड बुजेपर्यंत तो काही वर आला नाही."

मी पदरानं डोळे पुसले. बाबा दारात उभे राहून ऐकत होते.

"बाबाले सांग," मी मायला म्हणाले, "तलाव मले पसंत नाही. पोट्टा पसंत आहे."