मैदानाच्या मधोमध

ओल्या सिमेंटचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. व्यावसायिक फुटबॉल सोडून मी देगलूरकडच्या माझ्या गावी परतलो, तेव्हा तिथल्या पुढाऱ्याला माझा सत्कार करायचा होता. मी सौदा केला : शाल घेईन, पण गावचं मैदान फुटबॉललाच राहील. "हाव, दिलं," तो म्हणाला. सत्काराच्या सकाळी पाहतो तर मैदानाच्या मधोमध क्रिकेटच्या पिचसाठी सिमेंट ओतून झालेलं! "कडेनं खेळा की भाऊ, लई जागा हाय," पुढारी हसला. मी मिडफिल्डर; आयुष्यभर मैदानाचा मधलाच भाग सांभाळला होता. खिळ्यांचे बूट चढवले आणि त्या ओल्या पिचवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. शाल घेतली नाही. आता तिथं नवं सिमेंट ओतणार आहेत म्हणे. बूट मी अजून फेकलेले नाहीत.